जपानी ब्रेडची उकड

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा आहे तशीच ठेवली आहे.)

 

आजचा पदार्थ तुमच्यापैकी बहुतेकांनी रील्सवर पाहिलाय. पांढराशुभ्र ब्रेडचा लोफ, दोन हातांनी हळूच ओढला की कापसाच्या पेळूसारखे धागे सुटत जातात. जपानी मिल्क ब्रेड. आणि त्याखाली कमेंटमध्ये हमखास एक प्रश्न असतो: घरी ब्रेड मशीन आहे, त्यात हा होईल का? माझा तर मैदा घालून विटाच निघतात!

उत्तर आधीच सांगून टाकते. होतो, आणि चांगला होतो. मशीन मळतं, फुगवतं, भाजतं. तरी दोन कामं तुमच्याकडे उरतात. पहिलं, आदल्या रात्री थोडी उकड काढून ठेवायची. दुसरं, मळणं चालू असताना झाकण उघडून आत बघायचं. ही दोन केली तर ब्रेड तिसऱ्या दिवशीही मऊ. नाही केली तर पहिल्याच संध्याकाळी त्याचे टोस्ट करायची वेळ येते.

[०१:१०] पान आणि पाव

आधी नावाचं बघू. जपानी भाषेत ब्रेडला म्हणतात ‘पान’. आपण म्हणतो ‘पाव’. दोन्ही शब्द एकाच घरचे, पोर्तुगीज. आपल्याकडे अजूनही कोणीतरी छातीठोकपणे सांगतं की पीठ पायाने मळायचे म्हणून पाव. तसं काही नाही हो. ब्रेडचा पोर्तुगीज शब्दच साधारण ‘पाँव’ असा उच्चारतात. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५४३ मध्ये ते जपानच्या किनाऱ्याला लागले. पुढे फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५४९ मध्ये कागोशिमाला उतरला. म्हणजे पणजीतला पाव आणि टोकियोतला पान हे लांबचे का होईना, भाऊ आहेत.

पण जपानमध्ये तेव्हा ब्रेड रुजला नाही. तो नीट आला एकोणिसाव्या शतकात, योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला उघडल्यावर. तिथे राहणाऱ्या इंग्रजांसाठी डब्यात भाजलेला, डोंगरासारखा वर आलेला इंग्रजी पद्धतीचा लोफ बनायला लागला. त्यातूनच आजचा ‘शोकुपान’ आला. शोकु म्हणजे खाणं, जेवण. थोडक्यात, जेवणाचा पाव. बाहेरच्या जगात ज्याला मिल्क ब्रेड म्हणतात तो बहुतेक वेळा हाच.

दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाची टंचाई होती आणि अमेरिकेतून गहू येत होता. शाळेच्या जेवणात मुलांना ब्रेड आणि दुधाच्या पावडरीचं दूध मिळायचं. ती पिढी ब्रेड खातच मोठी झाली. पण जीभ भाताचीच राहिली ना! जपानी भात मऊ, ओलसर, किंचित चिकट. ब्रेडही तसाच हवा. म्हणून तिथे चांगल्या ब्रेडचं कौतुक करायला दोन शब्द सारखे कानावर पडतात. एक ‘फुवाफुवा’, म्हणजे हलका, लुसलुशीत. दुसरा ‘मोचीमोची’. मोची हा त्यांचा तांदळाचा चिवट गोळा, तसा दाताखाली किंचित ताणला जाणारा. युरोपात कडक कवचाच्या ब्रेडला मान आहे, जपानमध्ये आतल्या मऊपणाला. त्यांच्या ब्रेडची सगळी कारागिरी त्या आतल्या भागावर चालते.

[०३:५०] उकड म्हणजे उकडच

आता मुद्द्याचं. हा मऊपणा येतो कुठून? दूध, लोणी, साखर यांचा वाटा आहेच. पण खरी किमया आहे ‘युदाने’ची. नाव ऐकून घाबरू नका. तुमची आजी ते गणपतीत दरवर्षी करते.

मोदकाची उकड आठवा. तांदळाच्या पिठाला आधण दाखवलं नाही तर पारी वळता येते का? नाही, भेगा पडतात. कारण थंड पाण्यात पिठातला स्टार्च पाणी पीत नाही, नुसता ओला होतो. गरम पाणी मिळालं, साधारण ६० ते ६५ अंशांच्या पुढे गेलं, की त्याचे कण फुगतात आणि पाणी पोटात धरून ठेवतात. पीठ लवचीक होतं. तांदळाच्या भाकरीलाही कितीतरी घरांत अशीच उकड काढतात.

युदाने म्हणजे गव्हाच्या पिठाची उकड. एकूण मैद्यातला पाचवा हिस्सा घ्यायचा, तेवढ्याच वजनाचं उकळतं पाणी घालायचं, गोळा करून झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तो बाकीच्या पिठात मिसळायचा. तुम्ही ‘तांगझोंग’ हे नावही ऐकलं असेल. लिपीतली अक्षरं तीच, उच्चार चिनी. त्यात एक भाग मैदा आणि पाच भाग पाणी किंवा दूध गॅसवर ढवळत खिरीसारखं शिजवतात, ६५ अंशांपर्यंत. तत्त्व एकच आहे. मशीनसाठी मला युदाने सोयीची वाटते, कारण पातेलं लागत नाही आणि पाणी मोजून मापून राहतं.

याचे फायदे दोन. एक, पिठात जास्त पाणी घालूनही ते हाताला चिकटत नाही, कारण बरंचसं पाणी आधीच स्टार्चने धरलेलं असतं. दुसरा, शिजलेल्या स्टार्चचं पिठातली एन्झाइम्स हळूहळू साखरेत रूपांतर करतात, त्यामुळे ब्रेडला जरा गोडवा येतो. जपानमधल्या पास्को कंपनीचा ‘चोजुकु’ नावाचा ब्रेड १९९८ पासून बाजारात आहे. घरोघरी खाल्ला जाणारा हा पाकिटातला ब्रेडही युदाने पद्धतीचाच.

मग कोणी विचारेल, सगळ्याच पिठाची उकड काढू की! नाही चालणार. ब्रेड फुगतो तो ग्लूटेनमुळे, म्हणजे गव्हातल्या प्रथिनांच्या जाळीमुळे. उकळत्या पाण्याने ती प्रथिनं बिघडतात आणि जाळी विणली जात नाही. म्हणून पाचवा हिस्सा उकडीचा, बाकीचं पीठ कच्चं. एकाने ओलावा धरायचा, दुसऱ्याने उभं राहायचं.

[०६:३०] मशीनला मळायला कोणी शिकवलं?

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, विशेषतः कोडिंग करणाऱ्या मंडळींना. १९८५ साली ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीत, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकमध्ये, घरगुती ब्रेड मशीनवर काम चाललं होतं. मशीन काही केल्या पीठ नीट मळेना. ब्रेडचं कवच करपायचं आणि आत कच्चं राहायचं. इंजिनिअर लोकांनी मशीनने मळलेल्या आणि बेकरने मळलेल्या पिठाचे एक्स-रे काढून तुलना केली. तरी उलगडा होईना.

टीममध्ये इकुको तानाका नावाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपर होत्या. त्यांनी सुचवलं की ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा ब्रेड शहरात नावाजलेला आहे, त्याच्या मुख्य बेकरकडे जाऊन शिकू या. आणि त्या खरंच गेल्या. त्यांच्या हाताखाली पीठ मळायला लागल्या. बघता बघता लक्षात आलं की तो बेकर पीठ नुसतं दाबत नाही, ते ओढतो आणि ओढताना पीळ देतो. त्याला विचारलं असतं तर कदाचित त्याला हे शब्दांत सांगताही आलं नसतं. हाताला माहीत होतं, एवढंच.

मग तानाका आणि इंजिनिअर यांनी मिळून ते हात मशीनमध्ये उतरवले. डब्याच्या आतल्या बाजूला उभ्या कडा बसवल्या. पातं फिरतं, पीठ कडेला अडकतं, ताणलं जातं, पीळ बसतो. तुमच्या मशीनच्या डब्यात हात घालून बघा, बऱ्याच डब्यांत अशा कडा सापडतील. १९८७ मध्ये ते मशीन बाजारात आलं. पुढे इकुजिरो नोनाका या व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकाने १९९१ च्या हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखात ही गोष्ट सांगितली आणि ती जगभर शिकवली जायला लागली. हातातलं ज्ञान कागदावर कसं आणायचं, याचं उदाहरण म्हणून.

आता गंमत बघा. मशीनमध्ये बेकरचे हात आले, डोळे नाही आले. पीठ सैल झालंय की घट्ट, हे बहुतेक घरगुती मशीनना कळत नाही. ती घड्याळ बघून चालतात. म्हणून डोळे तुमचे लागतात.

[०९:००] मोजमाप

चला, वही नको, फोनवरच नोट करा. हे माप छोट्या लोफचं आहे. मशीनच्या पुस्तिकेत कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती पीठ चालतं ते पाहून घ्या. मोठा डबा असेल तर सगळंच त्या पटीत वाढवा.

आदल्या रात्रीची उकड: मैदा ५० ग्रॅम, उकळतं पाणी ५० ग्रॅम. पाणी खळखळ उकळलेलं हवं, कोमट नको. चमच्याने भराभर कालवा, गार झालं की झाकून फ्रीजमध्ये.

दुसऱ्या दिवशी: मैदा २०० ग्रॅम, दूध ११० ते १२५ मिली, साखर २० ग्रॅम, मीठ ४ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम, लोणी किंवा बटर २५ ग्रॅम. बटर खारं असेल तर मीठ ३ ग्रॅम.

वजनकाटा पाहिजेच. वाटीने मोजलेला मैदा दाबून भरला की कितीतरी जास्त जातो, आणि ब्रेडमध्ये वीस-तीस ग्रॅमने खेळ बदलतो.

मैद्याबद्दल एक गोष्ट. जपानमध्ये ब्रेडसाठी वेगळं ‘क्योरिकिको’, म्हणजे ताकदीचं पीठ मिळतं, त्यात साधारण १२ टक्के प्रथिनं असतात. आपल्या दुकानातल्या मैद्यात बरेचदा त्याहून कमी असतात. पाकिटाच्या मागे १०० ग्रॅममध्ये प्रोटीन किती ते वाचा. ११ किंवा जास्त असेल तर उत्तम. कमी असेल तर तो मैदा पाणी कमी पितो, म्हणून दूध ११० पासून सुरू करा. कणकेचा ब्रेड करायचा असेल तर तो वेगळा विषय, त्याचं गणित वेगळं.

दूध तापवून गार केलेलं घ्या. कच्च्या दुधातली काही प्रथिनं ब्रेड नीट फुगू देत नाहीत, चांगलं तापवलं की ती अडचण जाते. परदेशी रेसिपींमध्ये यासाठी खास सूचना असते. आपल्या घरात दूध न तापवता कोण ठेवतंय? हे काम आईने सकाळीच केलेलं असतं.

डब्यात घालताना उकडीचे लिंबाएवढे तुकडे करा. अख्खा गोळा टाकला तर तो तसाच फिरत राहतो. दूध, तुकडे, मैदा, साखर, मीठ, आणि यीस्ट मिठापासून लांब. वेगळा यीस्टचा कप्पा असेल तर यीस्ट तिथे. हा कप्पा उगीच नसतो बरं का. पीठ मळलं जाईपर्यंत यीस्ट बाजूला ठेवलं, तर उष्ण हवेत पीठ वेळेआधी फुगत नाही.

बटर मात्र लगेच नाही घालायचं. मळणं सुरू होऊन पाच-सात मिनिटं झाली, पिठाचा गोळा दिसायला लागला, की मग तुकडे टाका. आधी टाकलं तर पिठाच्या कणांना तूपकट थर बसतो आणि ग्लूटेनची जाळी उशिरा विणली जाते.

[१२:००] झाकण उघडा

मळताना झाकण उघडलं तर बिघडत नाही. भाजताना उघडायचं नाही, एवढं पाळा. दहाव्या मिनिटाला आत डोकवा.

गोळा एकसंध असेल, डब्याच्या कडा स्वच्छ असतील, तळाशी किंचित चिकटत असेल, तर छान. हात धुऊन बोटाने दाबा, पण फिरतं पातं थांबलेलं असतानाच! जपानी स्वयंपाकात पिठाच्या मऊपणाला एक सुंदर माप आहे: कानाच्या पाळीइतकं मऊ. स्वतःची पाळी दाबून बघा, लगेच कळेल.

भज्यांच्या पिठासारखं पसरलं असेल तर एक चमचा मैदा घाला. गोळे तुटून धप् धप् आपटत असतील तर एक चमचा दूध. घातल्यावर दोन मिनिटं थांबा, मगच पुढचा चमचा. घाईघाईत मैदा ओतलात की ब्रेडची वीट होते. थोडं चिकट वाटलं तरी सैल पीठ बरं, कारण मऊपणा त्या पाण्यातच आहे.

आता आपल्या हवेचं. मळून झालेल्या पिठाचं तापमान २६ ते २८ अंश असावं असं बेकर मानतात. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच त्याच्या वर असते! आणि पातं फिरून पीठ आणखी तापतं. पीठ जास्त गरम झालं की यीस्ट सुसाट सुटतं, ब्रेड भसाभस वर येतो आणि भाजताना मधेच बसतो. वासही आंबूस येतो. उन्हाळ्यात दूध आणि उकड दोन्ही थेट फ्रीजमधून काढून घाला. महाबळेश्वरच्या डिसेंबरात मात्र दूध कोमट करून घ्या. आणि टायमर लावून रात्रभर दूध घातलेलं साहित्य डब्यात ठेवू नका. ते नासतं.

रील्समधले ते धागे हवे असतील तर आणखी एक युक्ती. शेवटचं फुगणं सुरू व्हायच्या आधी मशीन पिठातली हवा काढतं. तेव्हा गोळा बाहेर घ्या, पातं काढून टाका. तीन सारखे भाग करा. प्रत्येक भाग लांबट लाटा, दोन्ही कडा आत दुमडा आणि चटईसारखी गुंडाळी करा. तिन्ही गुंडाळ्या शेजारी शेजारी डब्यात ठेवा, झाकण लावा. पुढचं मशीन करेल. गुंडाळीचे थर एकावर एक फुगतात, म्हणून फाडताना पदर सुटतात. शिवाय ब्रेडच्या बुडाला पात्याचं मोठं भोकही पडत नाही.

लाइट जाते तिथे राहत असाल तर पुस्तिकेत बघून ठेवा. काही मशीन थोड्या वेळासाठी लाइट गेली तर जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतात, काही पहिल्यापासून सुरू होतात. फुगलेल्या पिठावर पुन्हा मळणं सुरू झालं तर तो ब्रेड गेलाच म्हणायचा.

[१५:००] भाजून झाल्यावर

बीप वाजला की लगेच डबा बाहेर काढा. ‘गरम ठेवा’ मोडवर सोडून दिलात तर वाफ आतच जिरते आणि कडा ओल्या पडतात. हातमोजे घालून डबा ओट्यावर जाड फडक्यावर एकदा आपटा. जपानी बेकरसुद्धा शोकुपानचा डबा असाच आपटतात. आत कोंडलेली गरम वाफ पटकन बाहेर पडते आणि मऊ ब्रेड कमरेत वाकत नाही. मग जाळीवर काढा.

आणि आता संयम. निदान तासभर कापू नका. आतला स्टार्च अजून बसतोय. गरम असताना सुरी घातली तर आत गिच्च गोळा दिसेल आणि तुम्ही म्हणाल ब्रेड कच्चा राहिला. दाते असलेल्या सुरीने, करवतीसारखी चालवत, जाड स्लाइस कापा. जपानमध्ये ओसाकाकडे चार-पाच स्लाइसमध्ये कापलेला जाड शोकुपान आवडतो, टोकियोकडे सहा-आठ स्लाइसचा पातळ.

ठेवायचा कुठे? फ्रीजमध्ये अजिबात नाही. ब्रेड शिळा होतो तो फक्त वाळून नाही. शिजलेला स्टार्च पुन्हा कडक व्हायला लागतो, आणि फ्रीजच्या थंडीत ते सगळ्यात वेगाने होतं. फ्रीजमधला भात टणक होतो ना, तसंच. दोन दिवसांचा ब्रेड बाहेर, घट्ट झाकणाच्या डब्यात. पावसाळ्यात बुरशी लवकर येते, तेव्हा एकच दिवस. बाकीचा स्लाइस करून फ्रीजरमध्ये. लागेल तेवढा काढा, थेट तव्यावर टाका.

[१६:५०] मग मशीन घ्यावं का?

हा प्रश्न येणारच. आठवड्याला दोन लोफ खाणारं घर असेल, पीठ मळायला वेळ किंवा मनगटात जोर नसेल, तर जरूर घ्या. मशीन चार-एक तास गुपचूप काम करतं. महिन्यातून एकदा हौस म्हणून करायचा असेल तर पैसे घालवू नका. हाताने वीस मिनिटं मळा, साध्या ओव्हनमध्ये भाजा, उकडीचा नियम तिथेही तोच. आणि ज्यांच्याकडे लग्नात भेट आलेलं मशीन माळ्यावर पडलंय, त्यांनी या रविवारी ते खाली काढा. पहिला लोफ फार उंच नाही आला तरी चालेल. दूध किती घातलं ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी दहा मिली इकडे तिकडे करा. दोन-तीन लोफमध्ये तुमच्या मैद्याचा स्वभाव कळतो. तानाकाबाईंनाही एका दिवसात नव्हतं कळलं.

थोडक्यात उजळणी: रात्री पाचव्या हिश्श्याची उकड, बटर उशिरा, दहाव्या मिनिटाला झाकण उघडून बघणं, बीप वाजताच बाहेर, आणि फ्रीजला रामराम.

केलात तर मला दोन गोष्टी नक्की कळवा: मैद्याच्या पाकिटावर प्रोटीन किती लिहिलं होतं, आणि दूध किती लागलं. कोल्हापूरचं, पुण्याचं, दुबईचं, सगळ्यांचं माप एकत्र आलं तर पुढच्या एखाद्या भागात आपला स्वतःचा तक्ता करू. तोवर खात राहा, ऐकत राहा. भेटू!